विमानाच्या पंखावरची एक काडी नव्हती आणि मी बोललो नाही. सांगायला पाहिजे होतं का?

चांदूरकर · १३ जुलै, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. मी इथं आजवर फक्त पेरणी अन् पीकविम्याच्या धाग्यांवर लिहिलं. आज वेगळंच विचारतो आहे, कारण चार दिवस झाले, ते डोक्यातून जात नाही.

लेकीला बंगळूरला नोकरी लागली. तिला पोचवायला मी सोबत गेलो. चांदूर रेल्वेहून रात्रीच निघालो, पहाटे नागपूरचं विमानतळ गाठलं. रात्रभर पाऊस अन् विजा. मला खिडकी मिळाली, पंखाच्या जरा मागे. विमान उभंच होतं, लोक चढून राहिले होते. पंखाच्या मागच्या कडेला पेन्सिलीएवढ्या बारीक काड्या दिसल्या, सगळ्यांची टोकं शेपटीकडे, पंखाच्या शेवटाला जास्त. त्याच आठवड्यात आम्ही पऱ्हाटीच्या नांग्या, म्हणजे ओळीतल्या न उगवलेल्या जागा, भरून राहिलो होतो. दिवसभर तेच केलं की ओळीतली तूट डोळ्याला आपोआप दिसते. बाहेरच्या टोकाकडून तिसरी काडी नव्हती. ती जिथं बसते ते धातूचं बूड होतं, वर काडी नव्हती. मी मोबाईलवर फोटो काढला.

मी त्या एअर होस्टेस मुलीला हात करणार होतो. बाजूचे गृहस्थ म्हणाले, "काका, हे सगळं त्यांनी पाहिलेलं असते, तुम्ही निवांत बसा." मलाही वाटलं, आपण काही इंजिनिअर नाही, बोलून लेकीला अवघड कशाला करा. बसलो. विमान उडालं, ढगांतून गेलं, नीट उतरलं. पण सगळा वेळ मी त्या रिकाम्या जागेकडेच पाहत होतो.

ती काडी कशाची असते? नसली तर धोका असतो का? आणि मी सांगायला पाहिजे होतं का, कोणाला?


धुरकरी · १३ जुलै, रात्री ९:४०

भाऊ, मले वाट्टे ते इजेसाठी असन. आमच्या देवळाच्या कळसावर तांब्याची सळई लावली हाये, पट्टी खाली जमिनीत गाडली. इज पडली का त्याच्यातून जमिनीत जाते. इमानाले तं जमीन नाही, मंग ते काड्याइनं हवेत सोडत असन. तसं असन तं एक काडी कमी म्हंजे लय वंगाळ गोष्ट हाये. मांगच्या मिरगात आमच्या शिवारात दोन बैल गेले इजेनं. नाव काढलं तरी धस्स होते. कोन्या जानकारानं सांगा.


हँगरमधला · १३ जुलै, रात्री ११:०५

चांदूरकर काका, तुम्ही फार नेमकं पाहिलं. टोकाकडून तिसरी, बूड आहे, काडी नाही. इतकं स्पष्ट आम्हाला आमची माणसंही कधीकधी सांगत नाहीत. मी विमान देखभालीत आहे, नागपुरातच.

धुरकरी दादा, तुम्हाला वाटलं तसं पुष्कळांना वाटतं, पण या काड्या विजेसाठी नाहीत. वीज पडते तेव्हा हजारो अँपिअरचा प्रवाह वाहतो. तो झेलणं या पेन्सिलीएवढ्या वस्तूच्या आवाक्यातलं नाही. वीज पडलीच तर विमानाचा पत्रा तिला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेतो आणि आतली माणसं सुरक्षित राहतात.

यांना स्टॅटिक डिस्चार्जर म्हणतात, आम्ही नुसतं 'विक' म्हणतो. विक म्हणजे वात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्या खरोखर कापसाच्या वाती होत्या, वीजवाहक द्रव्य भिनवलेल्या. आता टोकाला कार्बनचे तंतू नाहीतर टंगस्टनच्या केसासारख्या सुया असतात.

काम असं. विमान पावसातून, हिमकणांतून, धुळीतून जातं तेव्हा प्रत्येक कण पत्र्याला घासतो आणि थोडासा विद्युतभार ठेवून जातो. हिवाळ्यात टेरिकॉटचा सदरा काढताना चटचट आवाज येतो, तोच हा प्रकार, फक्त ताशी सात-आठशे किलोमीटरच्या वेगानं. जमिनीवर असता तर भार जमिनीत मुरला असता. हवेत तो साठत जातो आणि एका मर्यादेपुढे जिथं टोक आहे, धार आहे, तिथून हवेत सुटायला लागतो. अंधारात तिथं निळसर उजेड दिसतो. जून १९८२ मध्ये ब्रिटिश एअरवेजचं जंबो जेट जावा बेटाजवळ गालुंगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरलं, तेव्हा वैमानिकांना समोरच्या काचेवर असाच उजेड नाचताना दिसला होता.

भार आपोआप सुटतो तर काडी कशाला, असं तुम्ही विचाराल. अडचण ही की तो झटक्याझटक्यानं सुटतो आणि प्रत्येक झटका रेडिओत खरखर होऊन येतो. अँटेनाजवळून सुटला तर वैमानिकाला कंट्रोलचं बोलणं ऐकू येत नाही. म्हणून भाराला आपणच वाट काढून द्यायची, अँटेनापासून लांब, पंखाच्या अन् शेपटीच्या मागच्या कडेला. काडीचा रोध मुद्दाम खूप जास्त, मेगओहमच्या घरात ठेवतात, म्हणजे भार झिरपत जातो, उसळत नाही. शेततळ्याला आपण सांडवा ठेवतो ना, पाळ फुटू नये म्हणून, तसं समजा. विमानाच्या तांत्रिक पुस्तकांची प्रकरणं जगभर एकाच क्रमांकानं चालतात. त्यात विक २३ व्या प्रकरणात येते, आणि २३ वं प्रकरण रेडिओ-दळणवळणाचं आहे.

आता धोका. एका काडीनं बहुधा काहीच बिघडलं नसतं. प्रत्येक जातीच्या विमानासाठी कोणता भाग नसताना उडायला चालतं, त्याची मंजूर यादी असते. विकचं नाव काही विमानांत कॉन्फिगरेशन डेव्हिएशन लिस्टमध्ये असतं, काहींत मिनिमम इक्विपमेंट लिस्टमध्ये. पंखावर इतक्या, शेपटीवर इतक्या नसल्या तरी चालेल, असं तिथं आकड्यांत लिहिलेलं असतं. तुम्ही पाहिलेली काडी आधीच नोंदलेली असू शकते. नसूही शकते, आणि ते खिडकीतून कळायला मार्ग नाही.

म्हणून सांगायलाच पाहिजे होतं, काका. सकाळची ड्यूटी आहे, उद्या पुढचं लिहितो.


रेडिओवेडा_वणी · १४ जुलै, सकाळी ७:३०

हँगरमधला यांनी खरखरीचं लिहिलं म्हणून राहवलं नाही. मी अजून मध्यम लहरींवर आकाशवाणी नागपूर ऐकतो. चंद्रपूरच्या दिशेला आभाळात वीज चमकली की इकडे वणीत माझा रेडिओ आधी खरखरतो, गडगडाट नंतर ऐकू येतो. विमानात एडीएफ नावाचं जुनं दिशायंत्र असतं, ते साधारण १९० ते १७५० किलोहर्ट्झ ऐकतं. आपली मध्यम लहर त्यातच येते. म्हणून पावसातल्या भाराचा पहिला फटका त्याला बसतो. महायुद्धात हा त्रास इतका वाढला होता की अमेरिकेच्या लष्करानं आणि नौदलानं मिळून त्यासाठी वेगळा प्रकल्प काढला, रॉस गन हे भौतिकशास्त्रज्ञ त्याचे प्रमुख होते.

आपल्या नागपूरचाही याच्याशी संबंध आहे. १९४९ मध्ये रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, चारही दिशांनी डाकोटा विमानं मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करायची आणि पहाटेच्या आत परत निघायची. खाली सगळा अंधार, उपग्रह वगैरे काही नाही, कानातल्या रेडिओवरच भिस्त. श्रावणातल्या रात्री माझा रेडिओ खरखरला की मला ते वैमानिक आठवतात.


झिरोमाईल · १४ जुलै, सकाळी १०:१५

माझं मत वेगळं आहे, राग नसावा. मी कामानिमित्त महिन्यातून चारदा विमानानं जातो. हल्ली जो तो खिडकीतून फोटो काढतो. पंखावर चंदेरी टेप दिसली की "विमान चिकटपट्टीवर चालवतात" म्हणून व्हिडिओ टाकतात, आणि ती टेप ॲल्युमिनियमची, मंजूर दुरुस्तीची असते. लोक घाबरतात, विमान कंपनीला खुलासे द्यावे लागतात. दीड-दोनशे माणसं बसलेली असताना एका काडीसाठी उड्डाण थांबवायचं का? वैमानिक निघण्याआधी विमानाभोवती फेरी मारतोच. ज्याचं काम त्यानं करावं.


धुरकरी · १४ जुलै, सकाळी १०:५२

झिरोमाईल भाऊ, थांबवा म्हने कोन? काका तं सांगाव का नाही तेवढंच इचारून राह्यले. आमच्या येष्टीचं चाक ढिलं दिसलं तं आमी डायवरले सांगतो. तो पाह्यते, ठीक असन तं हाव म्हन्ते अन् गाडी काढते. त्याच्यात लाजाचं काय हाये?


वाचनवेडी · १४ जुलै, दुपारी १:२०

हँगरमधला दादा, विजेचा आणि काड्यांचा काहीच संबंध नाही असं म्हणता येईल का? ८ डिसेंबर १९६३ ला पॅन ॲमचं बोइंग ७०७ अमेरिकेत मेरीलँडमधल्या एल्कटनजवळ विजेनं पडलं, विमानातले सगळे ८१ जण गेले. त्या विमानावर या वाती नव्हत्या, आणि अपघातानंतर तिथल्या विमान प्रशासनानं ज्या जेट विमानांवर त्या नव्हत्या त्यांवर बसवायला लावल्या. मग त्या विजेसाठीच झाल्या ना?


हँगरमधला · १४ जुलै, रात्री ९:५०

वाचनवेडी ताई, माहिती बरोबर आहे, आणि मला वाटतं गैरसमज पसरायला तो अपघातही कारण झाला. विमान उतरायची वाट पाहत घिरट्या घालत होतं. डाव्या पंखातल्या राखीव टाकीतल्या इंधनाच्या वाफेनं विजेमुळे पेट घेतला आणि पंख तुटला. काही दिवसांतच वाती बसवायचा आदेश निघाला. तेव्हा हाताशी असलेला तो सर्वांत सोपा उपाय होता, पण वात असती तरी वीज थांबली नसती. पुढची खरी मेहनत टाक्यांवर झाली. इंधनाची वाफ पेटण्याजोगी राहू नये, टाकीच्या झाकणापाशी अन् सांध्यांपाशी ठिणगी पडू नये, यावर.

तरी विजेचा आणि वातीचा एक संबंध आहेच, आणि काकांनी बोलायला हवं होतं असं मी म्हणालो ते त्याच्यामुळेच. वीज विमानात बहुधा नाकाकडून शिरते आणि पंखाच्या टोकातून किंवा शेपटीतून बाहेर पडते. बाहेर पडताना वाटेत वात असली तर तिचं टोक जळतं, कधी अख्खी वातच उडते. जुलैमध्ये, रात्रभर विजा झाल्यावर सकाळी वात दिसत नाही म्हटल्यावर माझ्या मनात पहिला प्रश्न हा येईल की काल रात्री या विमानावर वीज पडली होती का? तसा संशय आला तर आम्ही सगळं विमान तपासतो. नाकावर, पत्र्यावर, रिव्हेटांच्या डोक्यांवर ज्वारीच्या दाण्याएवढे वितळलेले ठिपके शोधतो, शेपटीवर चढून पाहतो. काही तास जातात. बहुतेक वेळा साधंच निघतं, शिडी लागली, हँगरचं दार लागलं, पावसाच्या माऱ्यानं झिजून पडली. पण साधं आहे हे तपासल्यावरच कळतं.

झिरोमाईल साहेब, वैमानिक फेरी मारतो हे खरंच. पण पहाटेच्या अंधारात, भर पावसात, टॉर्च घेऊन, मान वर करून. मोठ्या विमानाच्या पंखाचं टोक खालून बरंच उंच असतं. खिडकीतल्या प्रवाशाला ते वरून, बसल्या जागी, वीस मिनिटं दिसतं. उड्डाण थांबवायचं की नाही ते कप्तान आणि इंजिनिअर ठरवतात. प्रवाशानं फक्त दिसलं ते सांगायचं. व्हिडिओ टाकण्याबद्दल मात्र मी पूर्ण तुमच्या बाजूनं आहे. आधी केबिन क्रूला सांगा.

आता कसं सांगायचं ते. दार बंद व्हायच्या आत सांगितलं तर सगळ्यात चांगलं, कारण इंजिनिअर अजून खालीच असतो. "पंखाला काहीतरी झालं" असं म्हणू नका, त्यानं आजूबाजूचे घाबरतात आणि कळत काही नाही. "उजव्या पंखाच्या मागच्या कडेला, बाहेरून तिसरी स्टॅटिक विक दिसत नाही, तिचं बूड शाबूत आहे." एवढं पुरे. 'विक' शब्द आठवला नाही तर काडी म्हणा, फोटो दाखवा. बूडसुद्धा नसेल, किंवा काळं पडलेलं दिसत असेल, तर ते आवर्जून सांगा. बूड पत्र्याशी नीट जोडलेलं नसेल तर भार तिथपर्यंत पोचतच नाही, मग वर नवी काडी लावून फायदा नाही. त्या जोडाचा रोध अगदी कमी लागतो, तो आम्ही मिलीओहममध्ये मोजतो. काड्यांची संख्या विमानाच्या जातीप्रमाणे बदलते, तेव्हा "मागच्या वेळी जास्त होत्या" यावर जाऊ नका. रिकामं बूड दिसलं तर मात्र शंका नको.

विमान सुटल्यावर लक्षात आलं तरी सांगा, फक्त उड्डाणाच्या अन् उतरायच्या वेळी घाई करू नका. त्या वेळात क्रू कॉकपिटला अगदी निकडीचं असेल तरच बोलतात. घरी आल्यावर आठवलं तर कंपनीला लिहा. तारीख, फ्लाइट क्रमांक, आसन क्रमांक द्या. दिसलं असेल तर विमानाचं नोंदणी अक्षर पण लिहा, आपल्याकडची सगळी व्हीटीनं सुरू होतात.


गोंदियाची_चिमणी · १५ जुलै, रात्री ८:२०

हे मला लिहायचंच होतं. मी गोंदिया जिल्ह्यातली. बिरसी विमानतळावरून उडणारी प्रशिक्षणाची छोटी विमानं धानाच्या बांधीतून पाहत मोठी झाले. शिकले मात्र दुसऱ्या राज्यात.

साठेक तास उड्डाण झालं होतं तेव्हाची गोष्ट. सकाळी विमानाभोवती फेरी मारताना शेपटीच्या आडव्या पात्यावरची डावीकडची विक अर्धी तुटलेली दिसली. मी हात लावून पाहिला. मनात आलं, काल संध्याकाळी कोणीतरी हे विमान उडवलंच आहे, त्यानं लिहिलं असेल. मी लॉग, म्हणजे विमानाची नोंदवही, उघडून पाहिला नाही. उडाले, उतरले. त्या दिवशी माझ्यानंतर आणखी तिघं उडाले. संध्याकाळी प्रशिक्षक सरांनी विमान पाहिलं आणि चौघांना बोलावलं. चौघांनीही ती तुटकी विक पाहिली होती. प्रत्येकाला वाटत होतं, आधीच्यानं लिहिलं असेल. लॉगमध्ये एक अक्षर नव्हतं.

मेकॅनिक काकांनी पात्याच्या टोकाचं आवरण काढलं तेव्हा आत तडा निघाला. विमान आत ढकलताना कधीतरी दाराला लागलं होतं. विक बाहेर आलेली असते म्हणून आधी ती तुटली. तडा ज्या जागी होता ती सुकाणूची जागा, नाक वर-खाली करणारी. विमान दोन दिवस उभं राहिलं.

सर ओरडले नाहीत. त्यांनी लॉग माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "आता लिही." मी लिहिलं. हात थरथरत होता. आज एअरलाइनमध्ये सहवैमानिक आहे, आणि फेरी मारताना प्रत्येक विक बोटानं मोजते. काका, तुम्ही आमच्या विमानात असता आणि मुलींना सांगितलं असतं, तर त्यांनी मला इंटरकॉमवर कळवलं असतं आणि मी खाली उतरून पाहून आले असते. दहा मिनिटांचं काम. त्यात तुमच्या लेकीला अवघड वाटावं असं काही नव्हतं.


झिरोमाईल · १५ जुलै, रात्री ९:०५

चिमणी ताई, तुमचा अनुभव वाचून मी माझा शब्द मागे घेतो. 'ज्याचं काम त्यानं करावं' हे तुम्हा चौघांच्याही मनात होतं, नाही का. पुढच्या वेळी मला काही दिसलं तर सांगेन.


पऱ्हाटी · १६ जुलै, दुपारी ३:४०

मी सहसा फक्त वाचते, पण कापसाच्या वातीचं वाचून लिहावंसं वाटलं.

मी सात हंगाम जिनिंगमध्ये होते. नाव लिहीत नाही. डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी पडली की रुई अंगाला चिकटते, पट्ट्याजवळ हात नेला की केस उभे राहतात, चटका बसतो. म्हणून रुईवर पाण्याचा फवारा मारतात आणि मशीनला अर्थिंग लागतं. एका मशीनची अर्थिंगची पट्टी सुटून लोंबत होती. मी मुकादमाला दोनदा सांगितलं. तो म्हणाला, "बाई, तुमचं काम रुई वेचायचं." तिसऱ्यांदा मी सांगितलं नाही. आठवड्यानं त्याच बाजूला रुईनं पेट घेतला. माणसं वाचली, दोघींचे हात भाजले. नंतर सगळ्यांना उभं करून विचारलं, कोणी पाहिलं होतं का? मी म्हणाले, मी सांगितलं होतं. मुकादम म्हणाला, कधी?

माझ्या जवळ काही लिहिलेलं नव्हतं.

हँगरमधला दादा, तुमच्याकडे प्रवाशानं तोंडी सांगितलं आणि कोणी मनावर घेतलंच नाही तर काय होतं?


हँगरमधला · १६ जुलै, रात्री १०:३०

ताई, वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. तुम्ही दोनदा सांगितलं होतं. तिसऱ्यांदा सांगायची वेळ तुमच्यावर यायलाच नको होती.

आमच्याकडे जी थोडी सुरक्षितता आहे ती माणसं चांगली आहेत म्हणून नाही, वहीमुळे आहे. विमानाचा टेक लॉग असतो. वैमानिकानं त्यात बिघाड लिहिला, आम्ही त्याला 'स्नॅग' म्हणतो, की परवानाधारक इंजिनिअरनं त्या नोंदीसमोर काय केलं ते लिहून सही केल्याशिवाय विमान हलत नाही. दुरुस्त केलं तर तसं, यादीत बसतं म्हणून पुढे ढकललं तर यादीतल्या कलमासकट. मिनिमम इक्विपमेंट लिस्टमध्ये मुदतीही ठरलेल्या असतात, कशाला ३ दिवस, कशाला १०, कशाला १२०. सही करणाऱ्याचा परवाना त्या सहीला बांधलेला असतो. "कधी सांगितलं?" हा प्रश्न तिथं उरत नाही.

प्रवाशाचं तोंडी सांगणं त्या वहीपर्यंत पोचतं की नाही, हे मधल्या माणसांवर आहे, हे मी कबूल करतो. म्हणून तोंडी सांगा आणि घरी जाऊन दोन ओळी लिहूनही पाठवा. वैमानिक, इंजिनिअर यांना कळवण्याच्या दोन वाटा आहेत. काही घटना कळवणं बंधनकारक असतं, आणि बाकीचं स्वेच्छेनं कळवण्याची सोय असते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेचं एकोणिसावं परिशिष्ट २०१३ पासून लागू आहे, त्यात या दोन्हींची अपेक्षा प्रत्येक देशाकडून केली आहे, आणि स्वेच्छेनं कळवणाऱ्याला शिक्षेची भीती नसावी असा त्याचा रोख आहे. जिनिंगला अशी वही असती तर तुमच्या दुसऱ्या सांगण्यानंतर ते मशीन बंद असतं.


पऱ्हाटी · १६ जुलै, रात्री ११:०२

दादा, समजलं. आता मी बचत गटाच्या दालमिलवर आहे. उद्याच एक वही आणते.


चांदूरकर · १७ जुलै, सकाळी ६:४५

सगळ्यांचं वाचलं, दोनदा वाचलं. पऱ्हाटी ताई, तुमचं वाचून रात्री झोप नाही आली. काल लेकीला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, मला काय अवघड वाटलं असतं? मीच सांगितलं असतं." तिच्या मदतीनं कंपनीच्या तक्रारीच्या पानावर लिहिलं. तारीख, फ्लाइट क्रमांक, आसन, उजवा पंख, बाहेरून तिसरी, बूड शाबूत, काळं दिसलं नाही. फोटो जोडला. तक्रार नाही, माहिती आहे, असंही लिहिलं.


चांदूरकर · २६ जुलै, रात्री ८:१०

उत्तर आलं. चार ओळींचं आहे. माहिती तांत्रिक विभागाकडे पाठवली, तपासणी झाली, विक बदलली आहे, धन्यवाद. आधीच नोंदलेली होती का, वीज पडली होती का, यातलं काही सांगितलं नाही. मला ते विचारावंसं वाटते, पण विक बदलली हे कळलं, जीव जरा खाली बसला.


हँगरमधला · २६ जुलै, रात्री ९:३०

काका, विचारा. एकच ओळ लिहा, 'माझ्या कळवण्याआधी ही नोंद होती का'. उत्तर देतील न देतील, पण त्यांच्या सुरक्षा विभागात तो प्रश्न कोणाच्या तरी टेबलावर जाईल.


मास्तर_धामणगाव · २७ जुलै, सायंकाळी ५:५५

हा धागा मी नववीच्या वर्गात वाचून दाखवला. स्थितिक विद्युत शिकवताना पोरांना कंगवा आणि कागदाचे कपटे सोडून दुसरं काही दाखवायला नसतं. आता विमान म्हटल्याबरोबर मागच्या बाकावरचे पण उभे राहिले. एकानं विचारलं, टोकातूनच भार का सुटतो, सपाट पत्र्यातून का नाही? फळ्यावर सांगितलं, पण हातात काही दाखवता आलं तर बरं. हँगरमधला साहेब, जुनी, काढून टाकलेली एखादी विक शाळेला मिळेल का? टपालखर्च मी देतो.


हँगरमधला · २७ जुलै, रात्री १०:१५

मास्तर, ते नाही जमणार. काढून टाकलेला भाग पुन्हा कोणी विमानावर लावू नये म्हणून तो तोडून, निकामी करूनच भंगारात टाकायचा असतो, आणि त्याची पण नोंद असते. पण विक लागतच नाही. बिस्किटाच्या डब्याचं पत्र्याचं झाकण थर्माकोलवर ठेवा, कडेला चॉकलेटच्या चंदेरी कागदाच्या दोन बारीक पट्ट्या एकत्र लटकवा. पीव्हीसीचा पाइप लोकरीवर घासून झाकणाला लावा, असं चार-पाचदा करा. पट्ट्या एकमेकींपासून दूर सरकतील आणि तशाच राहतील. मग झाकणावर शिवणाची सुई ठेवा, टोक बाहेर काढून. पट्ट्या खाली येतील. सुई काढून परत भार द्या, पुन्हा फाकून राहतील. पोरांना सुई ठेवायला अन् काढायला लावा, त्यांचं उत्तर त्यांनाच मिळेल. सुईला हात लागू देऊ नका, नाहीतर भार हातातून जाईल. कोरड्या प्लास्टिकच्या चिमट्यानं धरा.

फक्त आत्ता करू नका. पावसाळ्याच्या दमट हवेत भार टिकतच नाही, पट्ट्या फाकणारच नाहीत आणि पोरं हिरमुसतील. दिवाळीनंतर, थंडी पडल्यावर, सकाळी दहा-अकराच्या उन्हात करा.


मास्तर_धामणगाव · २७ जुलै, रात्री १०:४०

डिसेंबरात करतो. डब्याचं झाकण आजच बाजूला काढून ठेवलं.